क्रमांक ४७ चा जन्म : एका वंशवृक्षाच्या कामाच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, शिकागो

लेक आज सोळा दिवसांची झाली आणि आजपासून हे काम सुरू. ती झोपली की जो अर्धा-पाऊण तास मिळतो, त्यात जमेल तेवढं.

पाचवीच्या रात्री आईने पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, म्हणून. आई माझ्या बाळंतपणासाठी साताऱ्याहून आली आहे, आणि सटवाईला शिकागोचा पत्ता सापडेल याबद्दल तिच्या मनात जराही शंका नव्हती. थोरल्या आजी, म्हणजे नवऱ्याच्या आईच्या आई, वय ८९, कोचावर बसून सगळं बघत होत्या. कागद कशाला ठेवलाय, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझ्या वेळी सुईणीने लिहिलं. आणि तारीख चुकली."

त्याच रात्री ठरवलं. लेकीच्या वडिलांकडच्या, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घराण्याचा वंशवृक्ष मांडायचा. माझ्या माहेरचा कुळवृत्तांत छापलेला आहे. त्यात अकरा पिढ्या आहेत, पण मुलींची नावं नाहीत. माझंही नाही. इकडे काय सापडतं ते बघू.

पद्धत अशी: ज्याच्यापासून सुरुवात, तो क्रमांक १. कोणाच्याही आकड्याची दुप्पट केली की त्याचा बाप, दुप्पट अधिक एक म्हणजे आई. तेव्हा लेक १, नवरा २, मी ३. सासूबाई ५. थोरल्या आजी ११. त्यांची आई २३, तिची आई ४७. घरातल्या माणसांची खरी नावं इथे लिहिणार नाही, आकडेच वापरेन. खरी नावं घरच्या वहीत आहेत.

१६ फेब्रुवारी

थोरल्या आजींचा जन्म १९३५ चा, मिसिसिपी राज्यात, क्लेबर्न काउंटीत, पोर्ट गिब्सन गावाबाहेर. दाखल्यावर १४ मार्च आहे. घरच्या बायबलमध्ये ११ मार्च. त्या वाढदिवस ११ लाच करतात.

चूक कशी झाली असेल ते आज त्यांच्याकडूनच कळलं. त्या काळी तिथल्या कृष्णवर्णीय बायकांची बाळंतपणं बहुतेक सुईणीच करायच्या. काउंटीच्या आरोग्य खात्याकडे त्यांची नोंद असे, महिन्याला बैठक असे, बैठकीत त्यांची पिशवी तपासली जाई: पांढरा एप्रन, कात्री, नाळ बांधायची दोरी, बाळाच्या डोळ्यांत घालायचे सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. जन्माचा कागदही सुईणीनेच भरायचा. सुईण तीन-चार घरांची बाळंतपणं उरकून मग गावात जायची, तेव्हा एखादी तारीख दोन-तीन दिवस इकडेतिकडे होणारच. मिसिसिपीत जन्मनोंदणीच १९१२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्यांना असा चुकीचा कागदसुद्धा नाही.

सुईणीबद्दल आणखी एक. त्या अंथरुणाखाली सुरी ठेवत, कळा कापल्या जाव्यात म्हणून. मी हे आईला मराठीत सांगितलं. आई काही न बोलता उठली आणि पाळण्यातली उशी उचलून थोरल्या आजींना दाखवली. खाली आमच्या स्वयंपाकघरातली छोटी सुरी होती, दुपट्यात गुंडाळलेली. ती मलाही माहीत नव्हती! दोघी म्हाताऱ्या कितीतरी वेळ एकमेकींकडे बघून हसत होत्या.

२ मार्च

जनगणनेतून मागे जायला सुरुवात. अमेरिकेत जनगणनेचे मूळ तक्ते ७२ वर्षांनी खुले होतात, त्यामुळे १९५० चे तक्ते १ एप्रिल २०२२ पासून बघता येतात. त्यात थोरल्या आजी सापडल्या: वय १५, आईबापांच्या शेतावर. त्यानंतर त्या जॅक्सनहून इलिनॉय सेंट्रलच्या गाडीने शिकागोला आल्या. १९१० ते १९७० या साठ वर्षांत दक्षिणेतून साधारण साठ लाख कृष्णवर्णीय माणसं अशीच उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे निघाली, त्यातल्या त्या एक. त्यांच्याकडे बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी होती, कारण गाडीला जोडलेल्या जेवणाच्या डब्यात आपल्याला वाढतील की नाही याचा भरवसा नसे.

१९४०, १९३०, १९२० पटापट झालं. तिन्हींत २३ आहे. १९१० मध्ये ती सात वर्षांची, आईजवळ. ही आई म्हणजे क्रमांक ४७.

१८९० ची जनगणना मात्र जवळजवळ कोणालाच मिळत नाही. १९२१ च्या जानेवारीत वॉशिंग्टनमध्ये आग लागली, तक्ते जळाले आणि भिजले, आणि जे उरले होते त्यातलेही जवळजवळ सगळे पुढे नष्ट केले गेले. त्यामुळे १८८० वरून एकदम १९०० वर उडी मारावी लागते. वीस वर्षांत मूल जन्मतं, वाढतं, लग्न होऊन घर सोडून जातं. तक्त्यात त्याचा पत्ता नाही.

९ मार्च

आज दुपारी एका ओळीपाशी अडकले ते संध्याकाळपर्यंत.

१९०० आणि १९१० च्या तक्त्यांत बायकांसाठी दोन रकाने आहेत: किती मुलं जन्मली, आणि त्यातली किती हयात आहेत. ४७ च्या ओळीत १९०० साली आकडे आहेत ९ आणि ६. १९१० साली ११ आणि ७.

म्हणजे चार गेली. नावं नाहीत, तारखा नाहीत, थडगं आहे की नाही माहीत नाही. दारात आलेल्या जनगणनेवाल्याने विचारलं, बाईने उत्तर दिलं, त्याने दोन आकडे लिहिले आणि तो पुढच्या घराकडे गेला. सव्वाशे वर्षांनी मी मांडीवर सहा आठवड्यांची पोर घेऊन ते आकडे वाचते आहे.

वृक्षात चार रिकाम्या चौकटी घातल्या. सॉफ्टवेअर नाव मागतं, त्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. "मूल" असं लिहिलं, चारदा. नवरा म्हणाला, याने वृक्ष वाचायला अवघड होईल. होऊ दे.

११ मार्च

थोरल्या आजी ९० वर्षांच्या झाल्या. बायबलच्या तारखेने. काम बंद. आईने शिरा केला.

३० मार्च

१८७० पाशी आलो. या शोधात पडलेले सगळे इथे येऊन थांबतात, तिथलेच लोक याला १८७० ची भिंत म्हणतात. गुलामगिरीतून सुटलेल्यांची नावनिशीवार नोंद घेणारी ही पहिली राष्ट्रीय जनगणना. त्याआधी, १८५० आणि १८६० मध्ये, गुलामांचे तक्ते वेगळे होते. नाव लिहिलं जाई ते मालकाचं. त्याखाली ओळीने वय, लिंग, वर्ण. बस्स.

१८७० च्या तक्त्यात, क्लेबर्न काउंटीत, ४७ आहे. वय ७. जन्म मिसिसिपी. तिच्या वर एक बाई, वय २८, जन्म व्हर्जिनिया. नातं लिहिलेलं नाही, कारण तो रकाना १८८० पासून आला. १८८० च्या तक्त्यात हीच बाई आणि हीच मुलगी पुन्हा भेटतात आणि तिथे "मुलगी" असं स्पष्ट आहे. म्हणून ही २८ वर्षांची बाई क्रमांक ९५.

जन्म व्हर्जिनियाचा आणि राहणं मिसिसिपीत, याचा अर्थ इथल्या प्रत्येक घराला कळतो. १ जानेवारी १८०८ पासून आफ्रिकेतून गुलाम आणायला बंदी आली, पण देशातल्या देशात विक्री चालूच राहिली. कापसाचे मळे वाढले तसे जुन्या राज्यांतून दक्षिणेकडे सुमारे दहा लाख माणसं नेली गेली, त्यातली कितीतरी साखळीत बांधून पायी. पोर्ट गिब्सनच्या खाली नॅचेझ गावात फोर्क्स ऑफ द रोड नावाचा मोठा बाजार होता. ९५ त्याच बाजारातून आली का, ते मला सांगता येत नाही. आली तेव्हा ती लहान पोर असणार, कारण १८६० मध्येच ती अठरा वर्षांची होती.

हे सगळं आईला समजावून सांगत होते. तिचं माहेर खटाव तालुक्यात, जोतिरावांच्या कटगुणजवळ. ती म्हणाली, "जोतिरावांनी आपलं पुस्तक अमेरिकेतल्या याच लोकांसाठी लढणाऱ्यांना अर्पण केलं होतं ना?" हो. १८७३ साली. ४७ तेव्हा दहा वर्षांची होती. आईने हे थोरल्या आजींना मला इंग्रजीत सांगायला लावलं, आणि त्यांनी ते दोनदा ऐकलं.

१३ एप्रिल

४७ नेमकी कधी जन्मली? पुरावे असे:

१८७० मध्ये वय ७. १८८० मध्ये १६. १९०० मध्ये जन्माचा महिना आणि वर्ष दोन्ही विचारले होते, तिथे मे १८६४. १९३८ च्या मृत्यूच्या दाखल्यावर "अंदाजे ७५", माहिती देणारी तिची मुलगी, २३.

आणि पाचवा पुरावा थोरल्या आजींच्या तोंडचा. ४७ गेली तेव्हा त्या तीन वर्षांच्या होत्या, तिच्या मांडीवर बसलेल्या. तिचा चेहरा आठवत नाही, एप्रनला येणारा धुराचा वास आठवतो. गोष्ट त्यांना आईने सांगितली: निळ्या डगल्यांची फौज पाणी ओलांडून आली, त्या आठवड्यात आजी जन्मली. चुलीवरचं भांडं शिपायांनी उचलून नेलं आणि बाळंतिणीला दोन दिवस गरम काही मिळालं नाही.

ही गोष्ट मी आधी नुसती ऐकून सोडली होती, आज तारखांशी लावून पाहिली. अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडून लढणाऱ्या जनरल ग्रँटची फौज मिसिसिपी नदी ओलांडून क्लेबर्न काउंटीत ब्रुइन्सबर्गला उतरली ती ३० एप्रिल १८६३ ला. तिथे उतारा आहे आणि पुढे चांगला रस्ता आहे, हे त्यांना एका कृष्णवर्णीय माणसाने सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी, १ मेला, पोर्ट गिब्सनची लढाई झाली. जनगणनेच्या ठरल्या तारखेला, १ जून १८७० ला, सात वर्षं पूर्ण, १९०० चा "मे" महिना, दाखल्यावरचे ७५, सगळं त्याच आठवड्याकडे बोट दाखवतं. १८८० चं वय आणि १९०० चं साल तेवढं एका वर्षाने चुकलं आहे.

नोंद केली: ४७, जन्म मे १८६३ चा पहिला आठवडा, क्लेबर्न काउंटी. आधार: कुटुंबातली आठवण, जनगणनेशी जुळणारी. आठवणीला मी पहिल्या क्रमांकाचा आधार दिला आहे. एका जाणकाराने हे उलट करायला सांगितलं. करणार नाही. भांडं उचलून नेल्याचं कोणत्याही तक्त्यात नसतं.

२७ एप्रिल

ही तारीख एवढी महत्त्वाची का, ते नवऱ्याला आज सांगताना माझं मलाच नीट कळलं.

व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला: मूल स्वतंत्र की गुलाम हे आईच्या स्थितीवरून ठरेल. मळ्याचा मालकच बाप असला तरी मूल गुलामच, आणि मालकाच्या मालमत्तेत एकाची भर. दुसऱ्या राज्यांनीही हाच नियम उचलला. म्हणून या वृक्षात आयांची रेषा मागे जाते आणि बापांच्या चौकटी रिकाम्या राहतात. ४७ चा बाप म्हणजे क्रमांक ९४. रिकामा. माझ्या माहेरच्या कुळवृत्तांतात नेमकं याच्या उलट आहे.

लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून लागू झाला आणि मिसिसिपी त्यात होतं. जाहीरनाम्याने ९५ मुक्त झाली, मग तिच्या पोटातलं मूलही मुक्त. आईवरून मुलाचं ठरवणारा तोच नियम, या वेळी बाळाच्या बाजूने. पण प्रत्यक्षात मळ्यावर फौज येईपर्यंत काहीही बदललं नव्हतं, आणि फौज आली ती जन्माच्याच आठवड्यात. पुढे १८६८ ला चौदाव्या दुरुस्तीने या देशात जन्मलेल्यांना नागरिकत्व मिळालं. ४७ तेव्हा पाच वर्षांची होती. तीच दुरुस्ती, जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाच्या वादामुळे, यंदा जानेवारीपासून रोज बातम्यांत आहे. लेकीचा जन्मदाखला टपालाने आला त्या दिवशी मी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ हातात धरून उभी होते.

१८ मे

फ्रीडमेन्स ब्युरोची कागदपत्रं. १८६५ ते १८७२ या काळात सुटका झालेल्या लोकांसाठी चालवलेलं सरकारी खातं. शिधा, शाळा, लग्नांच्या नोंदी आणि मजुरीचे करार. हजारो स्वयंसेवकांनी बसून यातली जवळपास अठरा लाख नावं शोधता येतील अशी केली आहेत. मी कोणालाही ओळखत नाही, पण सगळ्यांची ऋणी आहे.

१८६६ चा एक करार मिळाला. मळ्याच्या मालकाचं नाव, खाली मजुरांची नावं, प्रत्येकापुढे फुलीची खूण. ९५ आहे. पुढे "एक मूल". तिने घेतलेलं आडनाव मालकाचं नाही. असं पुष्कळदा झालं आहे, म्हणूनच आडनावावरून मालक शोधायला जाणारे फसतात. आमचा मालक आडनावाने नाही, करारामुळे सापडला.

सुटका झालेल्या लोकांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेच्या व्हिक्सबर्ग शाखेची पुस्तकंही पाहिली. ठेवीदाराच्या आईबापांची, भावंडांची नावं त्यात असतात. आपलं कोणी नाही.

२ जुलै, जॅक्सन

राज्याच्या अभिलेखागारात आज सकाळपासून. कुटुंबाचं संमेलन परवापासून पोर्ट गिब्सनला आहे, म्हणून सगळेच आलो. आई लेकीला घेऊन बाहेर सावलीत बसली.

मालकाच्या मळ्याची हिशेबवही इथे आहे, १८५७ ते १८६३. छापील वही आहे. नॅचेझजवळच्या थॉमस ॲफ्लेक नावाच्या माणसाने कापसाच्या मळेवाल्यांसाठी अशा आखलेल्या वह्या काढल्या होत्या आणि त्या खूप खपल्या. कापूस किती वेचला याचं पान, अवजारांचं पान, जन्माचं पान, मृत्यूचं पान. आणि माणसांच्या यादीचं पान: नाव, वय, वर्षारंभी किंमत, वर्षअखेरीस किंमत.

जन्माच्या पानावर १८६१ चा ऑगस्ट. आईच्या नावाखाली ९५. मुलाचं नाव. मुलगा.

त्या वर्षीच्या माणसांच्या यादीत, ९५ च्या खाली, तोच. वर्षारंभीचा रकाना मोकळा. वर्षअखेरीच्या रकान्यात ७५ डॉलर. पाच महिन्यांचा होता तेव्हा. आमची बाहेर सावलीत आहे तेवढाच.

मृत्यूचं पान: नोव्हेंबर १८६२. तोच मुलगा. "ताप."

शाई तपकिरी झाली आहे. अक्षर सुरेख आहे, एकसारखं, कुठेही घाई नाही. खाली त्याच दिवशी एका खेचराची नोंद आहे, त्याच अक्षरात.

म्हणजे ९५ चं सव्वा वर्षाचं मूल गेलं तेव्हा ४७ तिच्या पोटात होती. या मुलाची घरात कोणालाही माहिती नव्हती. मग १८६३ ची पानं काढली. फेब्रुवारीपर्यंत कापसाच्या काही ओळी आहेत. त्यापुढे फक्त छापील आखणी. जन्माचं पान कोरं.

४७ या वहीत नाही. मी पान दोनदा उलटून पाहिलं. मग अभिलेखागारातल्या ताईंना बोलावून वही परत दिली, बाहेर आले आणि लेकीला घेतलं. आईने काही विचारलं नाही.

५ जुलै, पोर्ट गिब्सन

संमेलनाला एकशे बारा माणसं, चार राज्यांतून. सगळ्यांचे टी-शर्ट जांभळे. मळ्याची जागा आता झाडीत आहे, तिथे जाणं झालं नाही. बायू पिएर मात्र पाहिली, ओढ्यापेक्षा मोठी आणि नदीपेक्षा लहान, पाणी चिखलाच्या रंगाचं.

वृक्ष मी मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावला होता. चार "मूल" लिहिलेल्या चौकटींसमोर मेम्फिसहून आलेल्या एक चुलत आजी थांबल्या, वय ९३. म्हणाल्या, यातला एक तरी मुलगा असणार. बायू पिएरमध्ये बुडाला. त्यांच्या आजोबांचा पाठचा भाऊ. त्याचं नाव आजोबांनी मग स्वतःच्या मुलाला दिलं. नाव सांगितलं. मी मार्कर दिला, त्यांनी स्वतः लिहिलं. हात कापत होता, पण अक्षरं लागतात.

आता तीन.

२० जुलै, शिकागो

थोरल्या आजींचं बायबल. जुना करार संपतो आणि नवा सुरू होतो त्या मध्ये जन्म, लग्न, मृत्यू यांची पानं आहेत. जन्माच्या पानावर पहिली ओळ ४७ ची, तिच्या कोणत्या तरी मुलाच्या हातची, नुसतं नाव, तारीख नाही. शेवटी चार ओळी मोकळ्या होत्या.

आज लेकीचं लिहायचं ठरलं होतं. थोरल्या आजी म्हणाल्या, आधी त्या मुलाचं लिही. कोणत्या, मी विचारलं. "वहीतल्या."

लिहिलं: नाव, ऑगस्ट १८६१, ९५ चा मुलगा, ४७ चा थोरला भाऊ. किंमत लिहिली नाही. खालच्या ओळीत लेकीचं नाव आणि तारीख. थोरल्या आजींनी चष्मा लावून तारीख दाखल्याशी ताडून पाहिली, आकडा न आकडा. मग म्हणाल्या, तुमच्या अक्षरांतही लिही. देवनागरीत लिहिलं. आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

आईचं परतीचं विमान ३ ऑगस्टला.

२७ जुलै

पुढचं काम: मालकाच्या बापाचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी, व्हर्जिनियातल्या कोर्टात. काउंटी अजून पक्की नाही, दोन शक्यता आहेत, दोन्हीकडे पत्रं पाठवली. १८४५ च्या आसपासच्या यादीत एखाद्या बाईपुढे "आणि मूल" असं काही मिळालं आणि नाव जुळलं, तर ते मूल ९५ असू शकेल. त्या बाईसाठी १९१ ची चौकट उघडून ठेवली आहे.